पाटावर बसून लिहिलेला लेख

रेवस बंदर,
१२ सप्टेंबर १९५८

नीराबाई यांस, शिवदासचा नमस्कार.

त्या लेखाचे मला बारा रुपये मिळाले. मनिऑर्डर आली, पोस्टमनच्या चहाला त्यातले थोडे गेले. आता खरं काय काय गेलं ते ऐका. दोन वेळचं जेवण गेलं. तुमच्या खाणावळीला कुलूप लागल्यापासून मी कृष्णाबाईकडे जेवतो आणि तिच्या आमटीत आंबटापलीकडे काही नसतं. बुधवारचा रेडिओ गेला. बंदरावर टेकायची हक्काची जागा गेली. आणि एस.टी.तून उतरल्यावर 'मास्तर, आज काय ऐकलंत?' असं रोज विचारणारं माणूस गेलं. बारा रुपयांत हा सौदा मी केला, आणि तरी या बंदरावर मला लोक हुशार समजतात.

तुम्ही गेलात ते मला कान्ह्याकडून कळलं. लाँचवरचा खलाशी तो, त्याच्या तोंडून कळावं याचं जास्त लागलं. म्हणाला, नीराबाईंनी किल्ली कृष्णाबाईकडे टाकली, रेडिओ गोधडीत बांधला आणि सकाळच्या गाडीनं भावाकडे बोर्ली पंचतनला गेल्या. गोधडी कुठली होती तेसुद्धा त्याला माहीत. निरोप मात्र काही नाही.

झालेली गोष्ट तुम्हाला सांगायला नको, तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात. पण दयारामभाऊंच्या कानावर भलतंच काहीतरी गेलं असेल, म्हणून माझ्या बाजूनं एकदा लिहून ठेवतो. पाहिजे तर त्यांना वाचून दाखवा.

भाऊ, मी अलिबागला शाळेत गायन शिकवतो आणि मुंबईच्या एका साप्ताहिकात 'ऐकीव' नावाचं सदर लिहितो. सिनेमाची गाणी उसवून बघायची आणि आतले टाके कसे घातलेत ते लोकांना सांगायचं, हे माझं काम. यंदा ते होडीवाल्याचं गाणं आलं, पानपट्टीवाल्यापासून मामलेदारापर्यंत सगळे गुणगुणतात ते. मुंबईतल्या एका विद्वानांनी लिहिलं की ही चाल बंगालच्या नावाड्यांची. मी लिहिलं, छट्, ही आमच्या खारेपाटातल्या लग्नाची. लहानपणी मांडवाबाहेर मिठाच्या पोत्यांवर झोपून मी ती ऐकली आहे. संपादक म्हणाले, पुरावा द्या, नाहीतर सदर आवरतं घ्या.

पुरावा म्हणजे धवळा. आमच्या गावी भटजी आला न आला तरी लग्न अडत नाही, पण धवलारणीनं धवळा म्हटल्याशिवाय ते लागत नाही. आणि खारीतली धवलारीण कोण, तर माझीच थोरली बहीण, चंद्राबाई. गेलो तिच्याकडे. महिना अधिक, लग्न कुठलं? बायनं साफ सांगितलं, "पाटावर कोन न्हाय, तं मी काय भिंतीला गाऊ?" नीराबाई त्या दिवशी सुकी मासळी घ्यायला तिच्याकडे आलेल्या. बायनं दोन पाट मांडले, म्हणाली बसा. मला वाटलं, बहिणीची रीत सांभाळली जाईल नि माझं काम होईल. बसलो. गुडघ्यावर वही घेतली. बाय समोर बसली मांडीवर तांदळाचं सूप घेऊन, आणि गायली. मी एकेक सूर टिपून घेतला. शेवटी जमलेल्या बायकांनी आमच्या अंगावर चार तांदूळ टाकले नि हसल्या. एवढंच.

पुढे लेख छापून आला. दुकानदार सदानं तो खाणावळीत मोठ्यांदा वाचला. 'वधूवरांना पाटावर बसवून धवळा म्हणवून घेतला' या वाक्यावर थांबून विचारलं, हे वधूवर कोण हो मास्तर? कान्हा त्या दिवशी मीठ भरायला खारीत आलेला होता; त्यानं नावं सांगितली. मग जे काय हसले लोक. नीराबाई, तुमच्या पुढ्यात तुम्हाला 'मास्तरीणबाई, एक चहा' म्हणाले. मीही काहीतरी बोललो, चारचौघांत माणूस बोलतो तसं. ते राहू द्या.

लोक आठ दिवस हसतात आणि नवं काहीतरी शोधतात. तुम्ही परत या. चूल पेटवा. बाकी मी बघतो.

शिवदास

ता. क. हे कार्डावर लिहिणार होतो, पण कार्ड बोर्लीच्या पोस्टात वाचतील, बाजारात वाचतील, आणि मग तुमच्या हाती येईल. म्हणून पाकीट.


रेवस बंदर,
२९ सप्टेंबर १९५८

नीराबाईंना नमस्कार.

उत्तर नाही. गणपतीत पोस्टाचा घोळ झाला असेल असं मी स्वतःला सांगतो आणि पोस्टमन माझ्याकडे बघून मान हलवतो.

रेडिओचं मात्र तुम्ही बरोबर केलंत. तो तुमचा, तुमचे मालक होते तेव्हा त्यांनी लाँच हाकून, तांडेलकीच्या कमाईतून घेतलेला. पण त्यामुळे माझे हाल कसे झालेत ते लिहितो, जरा हसा. अलिबागच्या न्हाव्याच्या दुकानात एक रेडिओ आहे. बुधवारी संध्याकाळी मी तिथे जाऊन बसतो. नुसतं बसू देत नाही तो, म्हणून आठवड्याला एकदा दाढी आणि पंधरवड्याला केस. माझ्या डोक्यावर आता कापायला काही उरलं नाही. बरं, तो माणूस शब्दांचा भुकेला. गायक गातोय तोवर गप्प, आणि मधे नुसतं वाद्यांचं सुरू झालं की म्हणतो, "गाणं संपलं वाटतं," आणि आवाज कमी करून वस्तरा चामड्यावर घासायला लागतो. माझं अर्धं सदर त्या मधल्या वाद्यांवर चालतं. क्लॅरिनेटनं चाल उचलून गायकाच्या हाती परत कशी दिली, ढोलक कुठे मुद्दाम गप्प बसला, हेच तर मी लिहितो. गेल्या खेपेला एका गाण्याच्या मधल्या तुकड्याबद्दल मी जे लिहिलंय ते चामड्याच्या आवाजाबद्दल असण्याची शक्यता आहे.

तेव्हा एक विनंती. तुमच्याकडे रेडिओ आहे आणि तुम्हाला कान आहे. बुधवारी सिलोनची गाणी लागतात ती ऐकून मला प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहाल? स्वर-बिर काही नको. रांधताना ऐकून जे वाटेल ते. माझ्यासाठी नव्हे, सदरासाठी. वाचकांनी काय घोडं मारलंय?

दयारामभाऊ, हे पाकीट तुम्ही आधी फोडलं असेल तर तुम्हाला दोष देत नाही, बहिणीची काळजी आहे. एवढंच सांगतो, बुधवारी संध्याकाळी त्यांना दुकानाच्या गल्ल्यावर बसवू नका.

तुमचा,
शिवदास


रेवस बंदर,
२४ ऑक्टोबर १९५८

नीराबाई,

घट बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचं पत्र आलं. वर ना नमस्कार, खाली ना नाव. सहा गाणी आणि नऊ ओळी. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मी धक्क्यावर उभा होतो, लाँच लागत होती, नि कान्हा ओरडला, "मास्तर, पान्यात जाल." दोन पावलं मागे आलो आणि तिथेच वाचलं.

तुम्ही लिहिता, 'तिसऱ्या गाण्यातली बाई रडत नाही, भात करपल्याचा वास आल्यासारखी गाते.' अहो, मी त्या बाईबद्दल चार वर्षं लिहितोय. तिचा सूर वरच्या टोकाला जरा चढा लागतो, ती श्वास चुकीच्या जागी घेते, हे सगळं मी मांडून दाखवलंय. पण ती घाईत असते हे मला कधी सुचलं नाही. आणि, 'चौथा माणूस बायकोला बोलावत नाही, टांग्याला बोलावतो.' ते गाणं मी परत न्हाव्याकडे ऐकलं. खरंच टांग्याला बोलावतो.

तुमची परवानगी न घेता दोन्ही वाक्यं मी सदरात घातली. 'आमच्या एक श्रोत्या कळवतात' असं लिहून. संपादकांनी पहिल्यांदाच पत्रात 'झकास' हा शब्द लिहिला. पुढच्या वेळी श्रोत्यांना जरा जास्त जागा द्या, म्हणाले.

माझं एक मत आहे ते तुम्हाला मी एकदा मासे तळत असताना सांगितलं होतं. तुम्ही तळत होतात, मी सांगत होतो. गाणं चांगलं की वाईट हे चांगल्या गायकाकडून कळत नाही. बेसूर माणसानं म्हटलं आणि तरी ओळखू आलं, तर ते टिकणार. कान्हा दोरखंड ओढताना होडीवाल्याचं गाणं म्हणतो ते ऐकून बोट उलट्या दिशेला जाईल, पण गाणं कुठलं ते पोरालाही कळतं. तुमचं मत काय? लिहा.

आणि थोडी माझी बढाई वाचा, कारण इथे ऐकायला कोणी नाही. धवळ्याच्या लेखाला एकोणतीस पत्रं आली. बंगालवाले विद्वान गप्प झाले. ठाण्याच्या एका गायन समाजानं बोलावलंय, खारेपाटच्या लग्नगीतांवर बोला म्हणून. मिठागरात पोती उचलणाऱ्याचा पोरगा, शेठजींच्या ग्रामोफोनला किल्ली देता देता सूर शिकला, त्यानं अख्खा धवळा पहिल्यांदा कागदावर उतरवला. आजवर कोणी उतरवला नव्हता. माझ्या कानावरून एक सूर निसटलेला नाही, हे मी ठाण्याला उभा राहून सांगणार. बायनं सुपातल्या तांदळात बोटांनी लय कशी धरली होती तेसुद्धा मी टिपलंय. तसले बारकावे मुंबईत बसून दिसत नाहीत.

हे वाचून तुम्ही हसाल असं का कोण जाणे वाटतं. हसा. पण पुढचं पत्र लवकर पाठवा, आणि वर निदान 'मास्तर' एवढं लिहा.

शिवदास


रेवस बंदर,
१८ नोव्हेंबर १९५८

नीराबाई,

तुमची चार पत्रं झाली. चौथ्यात वर 'मास्तर' आहे. ते मी परत परत वाचलं, किती वेळा ते सांगत नाही.

पण दिवाळीत दुसरंही एक पत्र आलं, दयारामभाऊंचं. दुकानदाराचं पत्र, सरळ मुद्द्याला. लिहितात, 'मास्तर, बहीण माझ्याकडे राहते ती मला जड नाही. पण तुळशीचं लग्न आलं, पुढे लग्नसराई. भावकी विचारते की नीरा कोणाची? पाटावर बसून धवळा झाला असेल तर ती तुमची, मग घेऊन जा. नसेल झाला तर ती मोकळी, मग तिला पत्रं लिहिणारे तुम्ही कोण?'

माणसानं एका ओळीत मला दोन्हीकडून धरलं. रात्रभर विचार करत नाही बसलो, लगेच उत्तर लिहिलं. धवळा झाला आहे, संपूर्ण झाला आहे, आणि त्याचा छापील पुरावा सोबत जोडला आहे. लेखाचं कात्रण पाठवलं. म्हटलं, भाऊ, स्वर तपासून घ्या, तुमच्या गावी पेटीवाला असेल तर वाजवून बघा. असा लग्नाचा दाखला अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात कोणाकडे नसेल.

उत्तर टाकून परत आलो आणि जेवायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की तुम्हाला न विचारताच मी तुम्हाला बायको म्हणून पोस्टात टाकलं. म्हणून हे पत्र.

पहिल्या पत्रात मी एक गाळलं होतं. 'काहीतरी बोललो' म्हणून पुढे गेलो. काय बोललो ते मला आठवतं आणि तुम्हालाही. सदा नि कान्हा हसत होते, तुम्ही आत भाकरी थापत होतात, थापण्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "अरे, ते लेखासाठी होतं. त्या दिवशी पाटावर पिठाचा डबा बसवला असता तरी चाललं असतं." लोक आणखी हसले. आत थापण्याचा आवाज थांबला. मला वाटलं, भाकरी तव्यावर गेली.

कानाचं मला एवढं कौतुक, आणि तो आवाज का थांबला हे मला दोन महिन्यांनी ऐकू आलं.

माझी केसर जाऊन नऊ वर्षं झाली. तिच्यानंतर माझ्याशी कोणी गाण्याबद्दल भांडलं नव्हतं. तुमच्या खाणावळीत मी जेवायला यायचो असं लोक समजतात. जेवण बरंच होतं, नाही म्हणत नाही. पण मी यायचो ते तुम्ही कढईतून मान वर न करता 'ह्यात काय एवढं?' म्हणायचात, ते ऐकायला. पाटावर डबा चालला नसता. तुमच्या जागी दुसरी कोणी बाई असती तर मी पाटावर बसलोच नसतो, बायला सांगितलं असतं की भिंतीला गा.

मी रविवारी खारीत जातोय. बायची साक्ष हवी, भाऊंना नुसतं कात्रण पुरणार नाही. ती एकदा म्हणाली की धवळा झाला, म्हणजे बोलायला जागा उरणार नाही.

तुम्ही मात्र तुमचं म्हणणं वेगळं लिहा. भावकीचं नको.

शिवदास


रेवस बंदर,
३० नोव्हेंबर १९५८

नीराबाई,

खारीत जाऊन आलो. काय झालं ते जसंच्या तसं लिहितो, आणि तुम्हाला ते आधीच माहीत आहे हेही आता मला माहीत आहे.

बाय अंगणात मासळी उलटत होती. मी सांगितलं, दयारामभाऊ विचारतात, धवळा झाला की नाही, तू चल बोर्लीला आणि सांग. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

"कंचा धवला?"

मी म्हटलं, तोच, जो तू आम्हाला पाटावर बसवून म्हटलास, मी उतरवून घेतला, पेपरात आला.

"त्यो धवला व्हता असं तुला कोन बोललं?" बाय म्हणाली. "आरं, त्ये तांदूल निवरायचं गानं. लगनाच्या आदी बायका बसून खरे काढतान ना, तवाचं. मी तांदूल निवरीत व्हते. सूप दिसलं न्हाय तुला?"

सूप दिसलं होतं. त्यावर मी आठ ओळी छापल्या आहेत.

मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तू इचारलंस कदी? तू लिवीत व्हतास." मग मासळी ठेवून तिनं हात पुसले आणि नीट सांगितलं. धवळा माणसाला एकदाच. तुझा केसरच्या वेळी झाला, तेव्हा तू पाटावर बसून बाहेरच्या बँडचे सूर मोजत होतास; नीराचा तिच्या मालकाच्या वेळी. दुसऱ्यांदा म्हणायचा नसतो, मी कसा म्हणणार? त्यातून अधिक महिना. तू दारात वही घेऊन उभा, नाही म्हणाले असते तर रुसून गेला असतास. म्हणून दुसरं म्हटलं. तुला काय कळणार होतं?

मला काय कळणार होतं! मी म्हटलं, बाय, मी लहानपणी मांडवात हेच ऐकलंय. म्हणाली, मांडवात नव्हे, मांडवाबाहेर, पोत्यांवर, आणि आदल्या दिवशी. धवळा लागतो तेव्हा आपले सगळे पुरुष जेवणाच्या पंगतीत नाहीतर ताडीच्या मडक्याशी. गावातल्या एकेका बाईला तो पाठ आहे आणि एकाही पुरुषाला तो ओळखू येणार नाही. कान्ह्याला तांदूळ टाकलेले दिसले, त्याचं त्यानं लग्न केलं. बायका का बोलल्या नाहीत विचारलं, तर म्हणाली, वाईट काय होतं त्यात?

मग मी घाबरत घाबरत विचारलं की नीराबाईंना माहीत होतं का.

"तिला न्हाय तं कोनाला? खाली मान घालून हसत व्हती ती. तुला वाटलं लाजते."

हो. मला तसंच वाटलं होतं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडलंही होतं.

"मंग पाट कशाला मांडलेस?" मीही तिच्याच बोलीत गेलो, राग आला की जातो. बाय म्हणाली, "बगायचं व्हतं मना, दोगं शेजारी कशी दिसता. बरी दिसलांव."

परतताना बांधावरून चालत आलो आणि सगळा हिशेब उलटा लागला. तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की काही लग्नबिग्न झालेलं नाही. म्हणजे लोकांच्या 'मास्तरीणबाई'ला तुम्ही भ्यायला नव्हतात. लोक बाहेर हसत होते तेव्हा तुम्ही आत हसतच असाल. तुम्हाला घालवलं ते फक्त माझ्या पिठाच्या डब्यानं.

तर आता माझ्याजवळ काही नाही. कात्रण भाऊंच्या गल्ल्यात आहे, त्याचा पुडी बांधायला उपयोग करा म्हणावं. तुम्ही मोकळ्या आहात. होडीवाल्याचं गाणं तांदूळ निवडणाऱ्या बायांचं निघालं, तो बिचारा नावाडी पडद्यावर वल्हं मारत खडे काढतोय. ठाण्याचं व्याख्यानही झालं, टाळ्या पडल्या, ते तर परत घेता येत नाही.

आणि दाखला नाही म्हणून आता विचारावं लागतं, ते विचारतो. माझ्याशी लग्न कराल? आपल्यात दुसरेपणी जसं होतं तसं, म्होतूर. त्याला गाणं नसतं, हे मला बायनंच सांगितलं. चार माणसं, दिवा, कपाळाला कुंकू, आणि सगळे गप्प. गायन मास्तराला असं लग्न करावं लागावं यात काही न्याय असेल.

भाऊंना भिऊन नाही, भावकीसाठी नाही. सदरासाठी तर नाहीच नाही. बुधवारच्या गाण्यांचं पत्र नेहमीसारखं पाठवा. त्यात शेवटी एवढंच लिहा, येऊ की नको.

शिवदास


रेवस बंदर,
११ डिसेंबर १९५८

नीराबाई,

पत्र मिळालं. सात गाण्यांवर दोन पानं, आणि खाली, 'या. येताना चंद्राबाईंना आणा आणि बोलणं कमी करा.'

बायला निरोप गेला. शाळेतून चार दिवसांची रजा घेतली, कारण 'घरगुती' लिहिलं. हेडमास्तरांनी विचारलं, तुम्हाला घर कधी झालं? राजपुरीपर्यंत एस.टी., तिथून तरीनं दिघी. शनिवारी दुपारपर्यंत बोर्लीत पोचू. बायला बोट लागते, तिच्यासाठी लिंबू कापून ठेवा.

सहाव्या गाण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मला पटलेलं नाही. ते समोर सांगतो.

शिवदास


रेवस बंदर,
९ मे १९६०

प्रिय नीरास,

सुखरूप पोचलो. दिघीच्या तरीत पाणी आत आलं आणि मानाचा म्हणून मिळालेला नारळ भिजला, बाकी मी कोरडा. तुझी खाणावळ कृष्णाबाई चालवते आहे, म्हणजे गिऱ्हाईकं माझ्याकडे येऊन तू कधी येणार ते विचारतात. सदा रोज विचारतो. त्याला सांगितलं, भाचीच्या लग्नानंतर तिचं पाचव्या दिवसाचं पाचपरतावन करून येईल. आमटीकडे बघून म्हणाला, तोवर मी मुंबईला जाऊन राहतो.

ठमीच्या लग्नात दयारामभाऊंनी काही कमी केलं नाही. जावई चांगला वाटला, हळू बोलतो. मला व्याह्यांशेजारी मानाच्या खुर्चीवर बसवलं तेव्हा भाऊंनी ओळख काय करून दिली ऐकलंस का? 'हे आमचे मेहुणे, धवळ्यावरचे जाणकार.' मी त्यांचा गुडघा दाबला, तर त्यांनी आवाज चढवला.

यात चूक त्यांची एकट्याची नाही. दुरुस्ती मी तेव्हाच पाठवली होती, तुझ्या समोर बसून लिहिली होती. तू त्यातले तीन शब्द खोडले होतेस. संपादकांनी ती छापली, पण केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली, मुंगीएवढ्या अक्षरात. ती कोणी वाचली नाही. लेख मात्र अजून वाचतात. आज आलो तर पुण्याहून पत्र येऊन पडलेलं. एक मोठं पुस्तक निघतंय, महाराष्ट्राच्या लग्नगीतांचं. त्यात धवळ्यावरचं प्रकरण माझ्याकडून हवंय, 'या विषयात आपल्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाचा नाही' म्हणतात.

त्यांना काय उत्तर लिहायचं ते तू आल्यावर ठरवू. बायचं नाव सुचवावं असं माझ्या मनात आहे. ती म्हणेल, पुस्तकाला काय पाटावर बसवू?

सदराचं या आठवड्याचं तू तिथून पाठव. रेडिओ तुझ्याकडेच आहे, आणि लोकांना आता 'आमच्या श्रोत्या' काय म्हणतात तेवढंच वाचायचं असतं. मी वरखाली दोन ओळी घालीन. नवं विहिरीवरचं गाणं ऐकलंस का? मला त्यात सनई खोटी वाटते. तू काही वेगळंच म्हणणार, म्हण.

जाता जाता एक. मी बोर्लीला आलो होतो ते ठमीवर अक्षता टाकायला, हे खरं. पण मनात दुसरंही होतं. बाय धवळा म्हणणार होती, खराखुरा. वही बरोबर नव्हती, तुझी शपथ. नुसता ऐकणार होतो. पाट मांडले, तुम्ही सगळ्या आत गेलात, बायनं सूर लावलेला दिसला, निदान तिचं तोंड उघडलेलं दिसलं. आणि भाऊंनी श्रीवर्धनहून हौसेनं आणलेल्या लाऊडस्पीकरवर मुलांनी होडीवाल्याचं गाणं लावलं. मग त्याच्या मागची बाजू. मग आणखी चार तबकड्या. मी उठून मांडवाकडे निघालो, तर व्याह्यांनी हात धरून जेवायला नेलं. पान वाढून होईपर्यंत आतून तुम्ही बाहेर आलात, डोळे पुसत, आणि लग्न लागलेलं होतं.

धवळा मी अजून ऐकलेला नाही.

तुझा,
शिवदास